कोंब कुठे गेले?

१

अकराही कंद ट्रेमध्ये जागच्या जागी होते. सगळी भानगड तिथेच होती. चोरीला गेले असते तर ताईला निदान चोराच्या नावानं बोटं मोडता आली असती. पण कंद होते, गुबगुबीत होते, धुऊनपुसून ओळीत लावलेले होते आणि प्रत्येकाच्या मानेवरचे कोंब कुणीतरी बुडासकट कोरून काढले होते.

ज्यांनी कधी डेलिया लावला नाही त्यांना एवढंच सांगायला हवं, की त्याचा कंद दिसतो रताळ्यासारखा, पण रताळ्यासारखा कुठूनही फुटत नाही. त्याचे डोळे फक्त मानेशी, जिथे तो जुन्या खोडाला चिकटलेला असतो तिथे. तेवढी नखभर जागा गेली की उरतो नुसता गोळा. मातीत पुरा, पाणी घाला, गाणी म्हणा. कुजेल, पण फुटणार नाही.

आणि हे अकरा काही बाजारातून आणलेले नव्हते. ताईनं स्वतः बी धरून, सात वर्षं निवडून निवडून काढलेलं फूल होतं ते. जुन्या विटेचा रंग आणि पाकळीच्या टोकाला साय लागल्यासारखी कड. आख्ख्या जगात त्याचे कंद अकराच. ते जागे व्हावेत म्हणून दहा दिवसांपूर्वी तिनं भुशातून काढून स्वयंपाकघरामागच्या उबदार खोलीत मांडले होते. कोंब बोटभर झाले की माळीण ते कापून वाळूत लावणार, एका कंदाची चार झाडं होणार, आणि रविवारी डेलिया मंडळाच्या विक्रीत ते फूल पहिल्यांदा लोकांसमोर जाणार. नाव तेवढं ठरायचं होतं.

आज सोमवार होता.

ताईनं फोन केला तो पोलिसांना नाही, धाकट्या बहिणीला. धाकटी विमा कंपनीत नुकसान तपासायच्या कामावर होती. जळालेल्या दुकानात शिरून आग लागली की लावली हे ती राखेवरून सांगायची. घरात तिला सगळे ‘पंचनामा’ म्हणून चिडवत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

“हात लावू नकोस कशाला,” ती आल्या आल्या म्हणाली आणि वही उघडली.

खोलीला कुलूप. किल्ल्या दोन. एक स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, ताईची. दुसरी माळिणीच्या कमरेला. माळीण आठ वर्षं ताईकडे होती. कंद खणणं, धुणं, गड्डे फोडून एकेक कंद वेगळा करणं, सगळं तिच्या हातचं. मागच्या हंगामात तिनं या नव्या फुलाचा एक कंद मागितला होता. ताई म्हणाली होती, “पुढच्या वर्षी बघू.”

धाकटीनं ते ‘पुढच्या वर्षी’ वहीत लिहून खाली रेघ मारली.

“हे जाणकार हाताचं काम आहे,” तिनं जाहीर केलं. “एकही कंद जखमी नाही. एकही कोंब सुटलेला नाही. आणि बघ, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत लावलेत. घाई नाही, राग नाही. सफाई आहे.”

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, चहाचा ट्रे घेऊन दारात आले होते. चाळीस वर्षं एका वसतिगृहाच्या भटारखान्यात मुख्य आचारी होते ते, रोज दोन वेळा चारशे ताटं. धाकटीचं बोलणं ऐकून ते कप ठेवायचे विसरून तसेच उभे राहिले. कुणी लक्ष दिलं नाही.

आठ वाजता माळीण आली. तोवर ट्रॉफीसरही आले होते. मंडळाचं पहिलं बक्षीस दर वर्षी नेणारे निवृत्त शिक्षक. ताईनं हवालदिल होऊन त्यांनाही फोन केला होता.

“पिशवी उघडता का जरा?” धाकटीनं विचारलं.

माळिणीनं आधी ताईकडे पाहिलं. मग पिशवी उघडली. त्यात डबा होता. कंगवा. गोळ्यांची पट्टी. टेप लावलेला चष्मा. आणि एक छोटा सरळ पात्याचा चाकू.

“चाकू आहे,” धाकटी म्हणाली.

“माळिणीच्या पिशवीत चाकू नसेल तर काय चमचा असेल?” माळिणीनं विचारलं.

सर खोकले. हसू दाबायला असेल, किंवा लाज वाटली म्हणून.

“ताई,” माळीण म्हणाली, “या काय लिहितात ते लिहू देत. तुम्ही बोला. तुम्ही म्हणाल ते.”

ताई ट्रेकडे बघत राहिली. माळिणीनं पिशवीची चेन लावली, पायात चपला घातल्या आणि ती निघून गेली. किल्ली तशीच कमरेला राहिली.

धाकटीला या सगळ्याला वीस मिनिटं लागली. ती राखेत शिरायची तेव्हा आधी दुकानाच्या मालकालाच संशयितांत मोजायची, मग परक्यांना. इथे तिनं घरातली माणसं मोजलीच नव्हती.

२

संध्याकाळपर्यंत ताईनं मंडळातल्या सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. “आठ वर्षं घरच्यासारखी होती हो,” या वाक्यानं प्रत्येक फोन संपत होता.

गुरुवारी दुपारी माळीण धाकटीच्या ऑफिसात आली. टेबलावर किल्ली ठेवली आणि बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

“किल्ली परत दिल्याची चिठ्ठी द्या.”

“चिठ्ठी कशाला? मी सांगेन ताईला.”

“नको. तुमच्या घरच्यांचं बोलणं मी ऐकलंय. मला लिहिलेलं हवं.”

धाकटीनं लिहून दिलं. माळिणीनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं, घडी घातली.

“एक विचारू? तुम्ही जळक्या दुकानात जाता, तेव्हा काय गेलं ते लिहिता ना?”

“अर्थात. पहिलं तेच लिहितो.”

“मग सोमवारी काय गेलं?”

“कोंब.”

“कुठे गेले?”

धाकटीनं पेन खाली ठेवलं.

“मला त्या फुलाचं वेड होतं, खोटं कशाला बोलू,” माळीण म्हणाली. “पण मला कंद कोरायची काय गरज होती? मंगळवारी ताईच मला त्या कोंबांची कलमं करायला बसवणार होत्या. तीस-पस्तीस कोंब. त्यातला एक ओच्यात टाकला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. एक कोंब म्हणजे एक झाड, बाईसाहेब. आणि नुसतं वाटोळंच करायचं असतं तर ट्रेवर कढत पाणी ओतलं असतं. एक मिनिटाचं काम. कोरत कोण बसतं? ज्यानं केलं त्यानं कोंब नेले की फेकले, एवढं तरी बघितलंत का?”

“नाही,” धाकटी म्हणाली.

“वीस मिनिटांत कसं बघणार.”

ती गेली. धाकटीनं वही उघडून सोमवारचं पान काढलं. सुबक अक्षर होतं. ‘जाणकार हात.’ ‘पुढच्या वर्षी.’ ‘चाकू.’ चौदा वर्षांच्या नोकरीत तिनं कनिष्ठांची असली पानं फाडून त्यांच्या तोंडावर मारली होती. समोरच्या टेबलावरचा सहकारी आपल्याकडे बघतोय असं वाटून तिनं वही उगाच ड्रॉवरमध्ये टाकली.

मग ती उठली. ज्यांना सोमवारी काही विचारायलाच हवं होतं, त्यांना आता तरी विचारायचं.

३

ट्रॉफीसरांच्या बैठकीत बक्षिसांचे कप होते. एकात पेन्सिली, एकात सुतळी, सगळ्यात मोठ्यात छत्री.

“या इन्स्पेक्टर,” ते म्हणाले. “पिशवी दाराशीच उघडून ठेवली आहे. बघून घ्या.”

“सर, टोमणा पोचला.”

“पोचायलाच हवा. मीही तिथे उभा होतो नि गप्प राहिलो. विचारा.”

“ते कोंब तुमच्या हाती लागले असते तर काय केलं असतं?”

“झोपलो नसतो! ओल्या फडक्यात गुंडाळून घरी, वाळूत, वर काचेचं झाकण. अहो, कोंब इतका लेचापेचा नसतो. ओलाव्यात पडला असेल तर दुसऱ्या दिवशीही मुळं धरतो. मंगळवारपर्यंत सापडले असते तर तुमच्या ताईचं फूल वाचलं असतं.”

“आणि आज?”

“आज गुरुवार.” सरांनी छत्रीच्या कपाकडे पाहिलं. “तेहतीस वर्षं शिकवलं मी. वर्गात चुकीचं पोर बाकावर उभं केलं ना, की ज्यानं खरी खोडी केलेली असते ते पोर कसं बसतं ठाऊक आहे? शहाण्यासारखं. फळा पुसायला आपणहून पुढे येतं. सोमवारपासून कोण फार शहाण्यासारखं वागतंय ते बघा.”

तिथून ती फुलवाल्याकडे गेली. ताईची कापलेली फुलं तो हंगामभर विकायचा आणि या नव्या फुलाचा मक्ता आपल्यालाच मिळावा म्हणून महिनाभर मागे लागला होता. ताईनं नाही म्हटलं होतं. दुकानात तो गुडघाभर हिरव्या काड्यांत उभा राहून देठ छाटत होता.

“मॅडम, मला कंदातलं काही म्हणजे काही कळत नाही,” तो म्हणाला. “मी देठाच्या वरचा माणूस. खाली काय असतं त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही.”

“ताईनं नाही म्हटल्याचा राग आला असेल.”

“आला की! पण रागावून मी काय केलं? त्यांच्या फुलांच्या बादल्या परत केल्या. सोमवारी पहाटे सहाला नेऊन दिल्या. विचारा तुमच्या भावोजींना. चहा दिला त्यांनी.”

“भावोजी सहाला उठले होते?”

“उठले होते काय, कामाला लागले होते. ओट्याशी बसून बटाटे साफ करत होते. म्हटलं, काका, एवढ्या सकाळी? तर म्हणाले, बोलू नको मोठ्यानं, बायकोला खूश करायचंय.”

धाकटी एक पाऊल पुढे आली.

“कसले बटाटे?” धाकटीनं विचारलं.

“आता बटाटे म्हणजे बटाटे. लांबट जात होती जरा. रताळ्यासारखी.” तो थांबला. त्याच्या हातातली कात्री उघडीच राहिली. “मॅडम… ते बटाटेच होते ना?”

४

शुक्रवारी सकाळी ती ताईकडे गेली तेव्हा ताई कपाळाला ओलं फडकं लावून पडली होती. घर लख्ख होतं. पडदे धुतलेले, दाराच्या बिजागरीला तेल दिलेलं, पातेली बुडापासून घासून उपडी घातलेली. टोपलीत कांदे होते, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत लावलेले.

सोमवारीही ते तसेच असणार. तिनं तेव्हा त्याच टोपलीशेजारी उभं राहून चहा घेतला होता.

तिनं मागच्या खोलीतून एक कंद आणला आणि खिडकीच्या उजेडात धरला. खड्डा गोल होता, छोट्या वाटीसारखा. सरळ पात्याच्या चाकूनं पाचरीसारखी खाच पडते. असली वाटी पडत नाही. आणि वाटीच्या तळाशी एक केसाएवढी उंच रेघ होती, प्रत्येक खड्ड्यात, त्याच जागी.

फडताळाच्या खणात बटाट्याचं सोलणं होतं. बटाट्याचे डोळे उकरायला त्याच्या टोकाला वाकडी जीभ असते, त्या जिभेच्या धारेला एक बारीक खाच पडली होती. धाकटीनं एक बटाटा घेतला, त्यात ती जीभ खुपसून फिरवली. गोल वाटी. तळाशी रेघ.

“आता तो बटाटा सोलूनच टाक, धाकटे,” मागून आवाज आला. “नाहीतर काळा पडेल.”

भावोजी दारात उभे होते. पदार्थ करपला तर चारशे जणांसमोर स्वतः जाऊन सांगणारा माणूस. ते येऊन स्टुलावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, फोटो काढायला बसल्यासारखे.

“ती रोज जेवताना म्हणायची, सुरकुतताहेत, सुकताहेत, रविवारपर्यंत टिकतात की नाही. घास गिळवत नव्हता तिला. मी चाळीस वर्षं पोत्यानं बटाटे सांभाळले. कोंब आला की तो बटाट्याला आतून खातो, बटाटा मऊ पडतो. कोंब काढला की महिनाभर टिकतो. हे मला कळतं. मला आयुष्यात एवढंच कळतं.”

“ताईला विचारायचं तरी.”

“त्या खोलीत मला कुठे येऊ देते ती! मसाल्याचे हात लावू नका म्हणते. मी फूल बघितलंय, बाई. मधलं काही बघितलेलंच नाही. म्हटलं, एकदा तरी आपल्या हातून तिच्या कामाचं काहीतरी व्हावं. खिळ्यावरची किल्ली घेतली, धुतले, डोळे काढले, पुसून लावून ठेवले. वाटलं, सकाळी बघेल नि विचारेल, कुणी केलं हो हे?”

“आणि तिनं विचारलंच.”

“किंचाळून विचारलं.” ते हसल्यासारखं करून थांबले. “मी सांगणार होतो. देवाशपथ, चहा घेऊन सांगायलाच येत होतो. तर तू म्हणालीस, जाणकार हाताचं काम आहे. एकही कंद जखमी नाही. सफाई आहे.” त्यांनी मान खाली घातली. “धाकटे, मला बरं वाटलं गं. एवढं वाटोळं झालेलं, समोर बायको रडतेय, आणि मला त्या क्षणी बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून माझ्या हाताला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. तेवढ्यात ती माळीण आली, तू पिशवी उघडायला लावलीस, आणि मग… मग वेळ गेली. दर तासाला वाटायचं, आता सांगू. दर तासाला ते आणखी जड व्हायचं.”

“कोंब कुठे टाकलेत?”

“सालींबरोबर. मागच्या खताच्या खड्ड्यात.”

“सोमवारी?”

“हो. मंगळवारी जाऊन पाहून आलो. वरच पडले होते, गुलाबी गुलाबी. मला बघवेनात म्हणून वर सालींचा थर टाकला.”

आतल्या दारात ताई उभी होती. कपाळावरचं फडकं तिच्या हातात होतं आणि त्यातून पाणी फरशीवर गळत होतं.

“मंगळवारी गुलाबी होते?” ताईनं विचारलं.

५

ती नवऱ्याला ओलांडून मागच्या दारानं बाहेर पडली. अनवाणी खड्ड्याशी गेली, खाली बसली आणि हातानं उकरू लागली. साली, चहाची पूड, अंड्यांची टरफलं. मग थोडे तपकिरी दोरे, बोटात धरले की लगद्यासारखे होणारे. एकेक उचलून तिनं तळहातावर ठेवला. सत्तावीस सापडले. एकही जगणारा नव्हता.

“तिला बोलावलं असतं ना,” ताई म्हणाली, “तर तिनं पहिलं हेच विचारलं असतं. कोंब कुठायत, ताई? मी रडत बसले असते नि तिनं घर उलथंपालथं केलं असतं. दुपारपर्यंत वाळूत गेले असते सगळे.”

“मी तिला विचारू दिलं नाही,” धाकटी म्हणाली.

हे बोलल्यावर तिला पुरतं कळलं. भावोजींनी कोंब काढले, ती चूक होती. अडाण्यानं प्रेमानं केलेली चूक, सोमवारी दुपारपर्यंत निस्तरता येणारी. ती निस्तरू शकणारं एकच माणूस त्या घरात होतं आणि धाकटीनं वीस मिनिटांत त्यालाच घराबाहेर काढलं होतं. नुकसान कोणी केलं याचा शोध लागला होता. तपासनीस बाई स्वतःच त्यात निघाल्या होत्या.

“आणि मी?” ताईनं हातातला लगदा खड्ड्यात सोडला. “ती मला म्हणाली, तुम्ही बोला. दुसरं काही मागितलं नव्हतं तिनं. एक कंद मागितला होता तो नाही दिला, नि एक शब्द मागितला तोही नाही. यांना तरी काय बोलू? सात वर्षं खोलीच्या बाहेर ठेवलेला माणूस, त्याला काय माहीत असणार!”

भावोजी मागच्या पायरीवर उभे होते. “मी जाऊन तिच्या पाया पडतो.”

“फोन करते मी आधी,” ताई म्हणाली.

फोन वाजत राहिला. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा बंद लागला.

“मंडळातल्यांना एकेकाला सांगते मग. घरातच चूक झाली म्हणून.”

“कुणाकडून झाली, सांगशील?” धाकटीनं विचारलं.

ताई हाताची माती पुसू लागली. धाकटीला ते टाळणं समजत होतं. ‘घरातच चूक झाली’ हे वाक्य तिच्याही मनात तयार होतं, नेटकं, कुणालाही न टोचणारं. असली वाक्यं ती रोज लिहायची.

“पिशवी सरांच्या देखत उघडली होती, ताई,” ती म्हणाली. “नि बदनामी तू सगळ्या गावभर केलीस. फोनवर कुजबुजून ती बंद व्हायची नाही. रविवारी ती विक्रीला येईल का?”

“सरांनी तिला त्यांचं अर्धं टेबल दिलंय म्हणे,” भावोजी हळूच म्हणाले. “फुलवाला सांगत होता.”

६

विक्रीचा हॉल दहालाच भरला. लांबलचक टेबलं, त्यांवर खोकी, खोक्यांत भुसा आणि भुशातून डोकावणारे कंद. लोक एकेक उचलून मानेशी डोळा आहे का बघत होते. ट्रॉफीसरांच्या टेबलाच्या अर्ध्या भागात माळीण उभी होती. तिच्या स्वतःच्या परसातली जुनी वाणं होती तिच्याकडे, पिवळी, जांभळी, एक पांढरं. समोर कुणी फारसं थांबत नव्हतं. येत, बघत, पुढे सरकत.

ताई, धाकटी आणि भावोजी, तिघं आत आली तसा आवाज कमी झाला. ताईचं टेबल रिकामं होतं. तिकडे न जाता ती तिघं माळिणीच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

भावोजी चारशे जणांना हाक मारायचे त्याच आवाजात बोलले. “नव्या फुलाच्या अकरा कंदांचे कोंब मी काढले. बटाट्याचे काढतात तसे. टिकतील म्हणून.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं. हसू टेबलाटेबलावरून गेलं आणि विझलं.

“हसा. हसण्यासारखंच आहे,” भावोजी म्हणाले. “पण नंतर चार दिवस या बाईंवर आळ होता नि मी तोंड शिवून पातेली घासत बसलो. ते हसण्यासारखं नाही. त्या दिवशीच बोललो असतो तर फूलही वाचलं असतं.”

ताईला पुढे बोलायचं होतं. “मी तुम्हा सगळ्यांना फोन केले,” एवढंच ती म्हणाली. “ते खोटं होतं. शहानिशा न करता बोलले.”

धाकटीनं कागदावर लिहून आणलं होतं. ‘प्राथमिक तपासात काही त्रुटी राहून गेल्या.’ ती ओळ तिनं मनात वाचली आणि कागद चुरगळला.

“मी यांची पिशवी उघडायला लावली,” ती म्हणाली. “त्यात काही नव्हतं. काही नव्हतं हे दिसत असून मी चाकू लिहून घेतला, कारण मला आधीच ठरवायचं होतं. बहिणीचं घर मी तपासलंच नाही. यांना एक प्रश्न धड विचारला असता तर त्यांनी दुपारपर्यंत सगळे कोंब जगवले असते. फूल माझ्यामुळे गेलं.”

माळीण एका कंदाभोवती सुतळी बांधत होती. तिनं गाठ मारली, टोक दातानं तोडलं.

“झालं?”

“हो.”

“मग बाजूला व्हा. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

खरंच कुणी खोळंबलं होतं का कोण जाणे. पण ती तिघं बाजूला झाल्यावर एक बाई पुढे आली, मग फुलवाला आला, ज्याला कंदातलं काही कळत नव्हतं आणि ज्यानं तीन घेतले. मग रांगच लागली. भावोजी भिंतीशी उभे राहिले. ताई मात्र रांगेत शेवटी जाऊन थांबली. तिच्यामागे धाकटी.

रांग सरकायला अर्धा तास लागला. ताईची पाळी आली तेव्हा तिनं नुसतं पांढऱ्याकडे बोट दाखवलं. माळिणीनं कंद उचलला, डोळा अंगठ्यानं चाचपून पाहिला, कागदात गुंडाळला.

“आडवा लावा,” ती म्हणाली. “डोळा वर. कोंब दिसेपर्यंत पाणी नको. कळलं ना, बाई?”

आठ वर्षं ती ताई म्हणायची. ताईनं मान डोलावली, एखाद्या नवशिकीसारखी, आणि कागद दोन्ही हातांनी घेऊन ती नवऱ्याकडे निघून गेली.

“तुम्हाला काय हवंय?” माळिणीनं धाकटीला विचारलं.

“काही नाही.”

“मग रांगेत कशाला अर्धा तास?”

मागे आणखी माणसं येऊन उभी राहिली होती. सर चहा प्यायला गेले होते आणि नावं न लिहिलेल्या कंदांचा ढीग टेबलावर तसाच पडला होता. माळिणीनं टेप लावलेला चष्मा कपाळावर सरकवून त्या ढिगाकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

“अक्षर बरं आहे तुमचं. चिठ्ठीवर बघितलं,” ती म्हणाली आणि पेन्सिल पुढे केली. “या अशा आत. हे खोकं पिवळ्याचं, ते जांभळ्याचं. कंदाच्या पोटावर नाव घालायचं. पण आधी डोळा आहे का बघायचा. नसेल तर बाजूला टाकायचा, विकायचा नाही. बघून लिहा.”

धाकटी टेबलाच्या आतल्या बाजूला गेली. पहिला कंद तिनं हातात घेऊन फिरवला, उजेडात धरला, पुन्हा फिरवला. मानेशी दोन-तीन उंचवटे होते. त्यातला डोळा कुठला आणि नुसती खरबड कुठली ते तिला ओळखू येईना.

मग तिनं विचारलं.